सकाळी उठत नाही, दुपारी फिरत नाही : वडोदऱ्यातल्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली आणि वडोदऱ्याच्या सखल भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यानंतरचे काही महिने शहरातल्या गॅरेजांमध्ये कुठल्याही तक्रारीला एकच उत्तर ऐकू यायचं : पुराचं पाणी गेलंय. बऱ्याच वेळा ते खरंही होतं. या प्रकरणात ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याकडे कोणी पाहिलं नाही म्हणून गाडी तीन महिने रखडली.

गाडी २०१५ ची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. साधी किल्ली, बटण-स्टार्ट नाही. खरेदीनंतर तीन-चार वर्षांनी बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं. मालक निवृत्त ड्राफ्ट्समन, घराणं तीन पिढ्या वडोदऱ्यातलं, जुनं घर दांडिया बाजारात आणि आता राहणं कारेलीबागेत. त्यांना इथे काका म्हणतो आणि त्यांच्या पत्नींना काकू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

गाडीचा वापर समजून घेणं महत्त्वाचं आहे. रोज आठ-दहा किलोमीटर : खंडेराव मार्केट, दांडिया बाजार, नातेवाइकांकडे, देवळात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा नर्मदाकाठचं चांदोद. हे सगळं गॅसवर. या प्रकारच्या किटमध्ये गाडी स्टार्ट पेट्रोलवर होते, आणि इंजिनचं पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की गॅसवर जाते. त्यामुळे पेट्रोल लागायचं फक्त पहिल्या दोन-तीन मिनिटांपुरतं. काका काटा रिझर्व्हच्या रेषेला टेकला की दोनशे-तीनशे रुपयांचं पेट्रोल टाकत, आणि ते महिनाभर पुरे. गॅसवर चालणारी गाडी ठेवणारे बहुतेक लोक असंच करतात, त्यात काही चूक आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.

पुरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी दरवाज्याच्या खालच्या कडेपर्यंत आलं आणि दीड दिवस राहिलं. काकांनी त्या काळात किल्ली फिरवली नाही, हे फार चांगलं केलं. पाणी ओसरल्यावर गाडी उचलून एका गॅरेजमध्ये नेली. तिथे कार्पेट काढून वाळवलं, ब्रेक साफ केले, इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. गाडी सुरू झाली आणि दिवाळीपर्यंत नीट चालली.

तक्रार आणि आमच्याकडे येण्याआधीचे उपाय

दिवाळीनंतर स्टार्टिंगचा त्रास सुरू झाला. बॅटरीवाल्याने मीटर लावून बॅटरी संपल्याचं सांगितलं. नवी बॅटरी, ४,५०० रुपये. आठवडाभर गाडी झकास. मग पुन्हा तेच. गॅरेजने स्टार्टर उतरवून ब्रश आणि बुश बदलले, २,८०० रुपये. पुन्हा आठ-दहा दिवस बरे गेले. तिसऱ्या वेळी निदान आलं की इंजिनच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, पुराचं पाणी शिरलंय, बदलावा लागेल, प्रोग्रॅमिंगसकट २२,००० रुपये. इथे काका थांबले आणि उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात गाडी आमच्या वर्कशॉपमध्ये आली.

घाईचं कारण होतं. काकूंच्या मोतीबिंदूची तारीख दहा दिवसांवर होती. ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला सकाळी सातला दवाखान्यात पोचायचं होतं. म्हणजे गाडीने सकाळच्या थंडीत पहिल्या सेलला, किल्लीने स्टार्टर फिरवल्या फिरवल्या, उठायलाच हवं होतं.

काकांनी तक्रार अशी सांगितली : "अरे, कधी कधी स्टार्ट घेत नाही. काही नेम नाही तिचा."

शेजारच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "नेम कसा नाही? सकाळी सेल फटाफट फिरतो, पण गाडी उठत नाही. आणि मार्केटातून निघताना सेलच फिरत नाही, नुसता कण्हतो. दोन्ही आवाज निराळे आहेत."

"अगं, एकच आहे ते."

"एक नाहीये. मी रोज शेजारी बसते."

काकूंचं ते वाक्य मी जसंच्या तसं जॉबकार्डवर लिहून घेतलं. या संपूर्ण प्रकरणात त्याहून किमती माहिती दुसरी कुठलीच नव्हती. सेल फिरतो पण इंजिन उठत नाही, तेव्हा बॅटरी, स्टार्टर आणि त्यांच्या जाड केबल यांनी आपलं काम केलेलं असतं. शोध इंधन, ठिणगी, सेन्सर आणि इमोबिलायझरकडे (किल्ली ओळखणारं चोरीरोधक कुलूप) वळतो. सेलच फिरत नाही किंवा रडत रडत फिरतो, तेव्हा इंधनाचा संबंधच येत नाही. शोध बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या विजेच्या रस्त्यात घ्यायचा असतो. एका गाडीत हे दोन्ही दिसत असतील तर बहुधा बिघाडही दोन असतात. आधीच्या प्रत्येकाने दोन्ही लक्षणं एका पोत्यात भरली आणि मग त्या पोत्याला शोभेल असं एकच मोठं कारण शोधलं. पूर आयता हाताशी होताच.

पर्याय

काकांसमोर आम्ही तीन रस्ते ठेवले.

पहिला, ईसीएम बदलणं. हा मी लगेच नको म्हटला. पाणी दरवाज्याच्या खालच्या कडेपर्यंत आलं होतं, आणि या गाडीत ईसीएम त्यापेक्षा बराच वर बसवलेला आहे. शिवाय ईसीएम गेल्यावर सहसा असं वेळापत्रक पाळून बिघडत नाही. रोज सकाळी एक त्रास आणि गरम झाल्यावर दुसरा, हे ईसीएमच्या अंगावर ढकलायला काही पुरावा हवा होता, तो कुणी दिलेला नव्हता.

दुसरा, घाई आहे म्हणून अंदाजाने भाग बदलणं : फ्युएल पंप, प्लग, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा). यातला एखादा बरोबर निघालाही असता. पण हेच आधी दोनदा झालं होतं, आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसहाला अंदाज चुकल्याचं कळणं परवडणारं नव्हतं.

तिसरा, गाडी चार-पाच दिवस आमच्याकडे ठेवून दोन्ही लक्षणं समोर घडवून आणायची आणि तेव्हाच मोजायचं. काकांना हे पटायला वेळ लागला. गाडी उभी ठेवायची, आणि पहिल्या दिवशी काहीच बदलायचं नाही? काकू म्हणाल्या, "रिक्षा आहेत ना. राहू दे गाडी." तिथे निर्णय झाला.

आधी बॅटरी बाजूला काढली

गाडी आली तेव्हा रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते. पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर स्थिर असताना १२.६ ते १२.७ दिसायला हवेत, १२.३ म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास भरलेली. नवी बॅटरी असूनही ती उपाशी का? कारण रोज सकाळी दहा-दहा सेकंद सेल मारायचा आणि मग आठ किलोमीटरच फिरायचं. इतक्या छोट्या फेरीत अल्टरनेटर गेलेली वीज पुरती परत भरत नाही. अल्टरनेटर स्वतः ठणठणीत होता, इंजिन चालू असताना १४.२ व्होल्ट. गाडी बंद करून, सगळी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपू देऊन चोरगळती, म्हणजे बंद गाडीत गुपचूप खर्च होणारी वीज, पाहिली, ३० मिलिअँपिअर. ५० च्या आत असेल तर चिंता नाही.

बॅटरी रात्रभर चार्जरवर लावली. सकाळी १२.६५ व्होल्ट, आणि सेल मारताना १०.६ पर्यंतच उतरली. सेल मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीवर संशय घ्यावा. ही बॅटरी शुद्ध होती.

दिवाळीनंतर नवी बॅटरी टाकल्यावर गाडी आठवडाभर का सुधारली, याचं उत्तरही इथेच मिळालं. नवी बॅटरी काठोकाठ भरलेली येते. तिच्या जोरावर दोन्ही बिघाड काही दिवस झाकले गेले, आणि ती उपाशी पडली तसे पुन्हा वर आले. उपाय लागू पडला म्हणून कारण सापडलं असं काकांनी धरलं, बॅटरीवाल्यानेही धरलं.

दुपारचा बिघाड

गाडी वर्कशॉपमधून काढून प्रतापनगरच्या पुलावरून शहरात नेली, रहदारीत रखडत फिरवली, परत आणून वीस मिनिटं बॉनेट बंद ठेवून उभी केली. मार्केटच्या फेरीची ही नक्कल. मीटर आधीच बॅटरीच्या दोन टोकांना लावून ठेवला होता. किल्ली फिरवली आणि काकूंनी सांगितलेला आवाज आला. स्टार्टर जड श्वास घेतल्यासारखा एक-दोन वळसे फिरला आणि थांबला.

मीटरवर ११.६ व्होल्ट होते.

या एका आकड्यापाशी थांबायला हवं. स्टार्टर कण्हतोय तेव्हा बॅटरी कमजोर असती तर तिचा व्होल्टेज धाडकन खाली आला असता, नऊ किंवा आठपर्यंत. स्टार्टर आतून अडकलेला किंवा शॉर्ट असता तरीही आला असता, कारण त्याने भरमसाट करंट ओढला असता. इथे बॅटरी निवांत बसली होती. तिच्याकडून कोणी फारसं मागतच नव्हतं. म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा होता आणि स्टार्टरपर्यंत पुरेशी वीज पोचत नव्हती. बागेतला नळ पूर्ण सोडलाय, पाइप कुठेतरी पायाखाली दबलाय आणि टोकाला पिचकारी येतेय, तसं.

अडथळा कुठे आहे हे शोधायची पद्धत सोपी आहे आणि तरी फार कमी ठिकाणी वापरली जाते. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी स्टार्टरच्या जाड बोल्टवर, आणि सेल मारायचा. या रस्त्यात अर्ध्या व्होल्टपर्यंत गळती, म्हणजे वाटेत होणारी व्होल्टेजची घट, चालते. आम्हाला ०.३ मिळाले, म्हणजे प्लसची बाजू स्वच्छ. मग एक टोकणी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. इथे ०.२ ते ०.३ च्या वर काही दिसता कामा नये. दिसले ३.४. मायनसपासून बॉडीपर्यंत मात्र ०.१. सगळा अडथळा मायनसपासून इंजिनकडे जाणाऱ्या एकाच केबलमध्ये होता.

खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिन उचलायच्या हुकाला लावलं. सेल मारला, इंजिन फटकन उठलं. जंपर काढला, पुन्हा कण्हणं.

अर्थिंगची ती केबल गिअरबॉक्सवर, स्टार्टरच्या जवळच्या बोल्टला लागते. जागा गाडीत बरीच खाली, म्हणजे पुरात नक्की बुडालेली. वरून पाहिलं तर केबल उत्तम दिसत होती, थिंबलवर (केबलच्या टोकाची धातूची कडी) ग्रीसही चोपडलेलं होतं. पूर ओसरल्यावर कुणीतरी ते चांगल्या हेतूनेच लावलं असणार. पण पाणी थिंबलमागच्या बाहीत, केबलवरच्या आवरणात, शिरून तांब्याच्या तारांमध्ये चढलं होतं, आणि ग्रीस त्याच्यावर झाकणासारखं बसलं. बाही ब्लेडने चिरली तेव्हा आतल्या तारा हिरव्या-काळ्या झाल्या होत्या आणि बोटाने चोळल्यावर भुकटी होऊन सुटत होत्या. जोडून राहिलेल्या तारा मूठभर. थंडीत तेवढ्यावर भागायचं. गरम झाल्यावर तांब्याचा विरोध वाढतो, सैल पडलेली पकड आणखी सैल होते, आणि मग सेल फिरत नाही.

स्टार्टर दुरुस्त केल्यावर आठ-दहा दिवस बरे का गेले, तेही उलगडलं. स्टार्टर काढता-घालताना हाच बोल्ट सोडून पुन्हा आवळला गेला होता. केबल हलली, काही दिवस स्पर्श सुधारला, श्रेय ब्रशला गेलं.

नवी जाड केबल, दाबून बसवलेलं थिंबल, गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने धातूपर्यंत घासून. खर्च ४५० रुपये. पुन्हा तीच फेरी, तेच वीस मिनिटांचं उभं राहणं. सेल फटकन फिरला. मायनसच्या बाजूची गळती ०.१५.

इथे एक मोह होता

संध्याकाळी काकांचा फोन आला. सापडलं म्हटल्यावर ते खूश झाले आणि गाडी न्यायला निघाले. मोह खरोखर मोठा होता : बिघाड सापडला, डोळ्यांना दिसला, पुराशी जुळला, भुकटी दाखवायला हातात आहे. सकाळचा त्रासही त्या केबलमुळेच असेल असं म्हणणं कुणालाही पटलं असतं.

पण काकूंचं वाक्य जॉबकार्डवर होतं. सकाळी सेल फटाफट फिरतो. केबलचा दोष सेल फटाफट फिरू देत नाही. तेव्हा सकाळचा त्रास या केबलच्या खात्यावर टाकता येत नव्हता. काकांना गाडी राहू द्यायला सांगितलं. त्यांचा आवाज थोडा उतरला, पण राहू दिली.

सकाळचा बिघाड

थंड स्टार्टच्या तपासणीत एक अडचण असते जी ग्राहकाला सांगितल्याशिवाय कळत नाही. इंजिन एकदा सुरू झालं की त्या दिवसाची परीक्षा संपली. पुढची संधी दुसऱ्या सकाळी. त्यामुळे प्रत्येक सकाळी कुठला प्रश्न विचारायचा हे आदल्या रात्री ठरवावं लागतं.

पहिल्या सकाळचा प्रश्न होता, गाडीला परिस्थिती नीट कळते का. सेल मारण्याआधी स्कॅनर लावला. रात्रभर उभ्या गाडीत इंजिनच्या पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखंच दिसायला हवं. १४ आणि १५ अंश दिसले. पाण्याचा सेन्सर खोटं बोलून इंजिन गरम आहे असं सांगत असता, तर ईसीएमने कमी पेट्रोल दिलं असतं आणि लक्षण हुबेहूब असंच आलं असतं. म्हणून ही तपासणी चुकवायची नसते. ती पार पडली. मग सेल. स्कॅनरवर सेल मारताना इंजिनचे मिनिटाला २४० फेरे दिसत होते, म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत. इमोबिलायझरचा दिवा नेहमीसारखा विझला. ठिणगी तपासायच्या टेस्टरवर लख्ख ठिणगी. इंजिन मात्र नऊ सेकंद फिरत राहिलं, मग खोकत उठलं आणि मिनिटभराने सुधारलं. ईसीएममध्ये नोंदलेला बिघाडाचा कोड एकही नाही. ईसीएम आपलं काम व्यवस्थित करतोय याचा यापेक्षा चांगला दाखला कुठला हवा होता?

उरलं इंधन. घरच्या घरी करता येणारी एक परीक्षा आहे : किल्ली ऑन करायची, फ्युएल पंपाचा दोन सेकंदांचा आवाज ऐकायचा, ऑफ करायची, असं तीन-चार वेळा करून मग सेल मारायचा. अशाने गाडी लगेच उठली तर रात्रीतून पेट्रोलचा दाब उतरतोय हे जवळपास नक्की. दुसरी सकाळ यावर खर्च करता आली असती. पण तिने दाब उतरतोय एवढंच सांगितलं असतं; कुठून उतरतोय ते नाही. टाकीकडून उतरत असेल तर पंप बदलायचा, इंजेक्टरमधून गळत असेल तर इंजेक्टर. खर्च, वेळ सगळं निराळं.

म्हणून संध्याकाळीच पेट्रोलच्या लाइनमध्ये टी-जोड टाकून प्रेशर गेज बसवलं, आणि गेजच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, एक व्हॉल्व्ह. (लाइन चिमट्याने दाबून हीच परीक्षा करणारे पाहिले आहेत. हल्लीच्या प्लास्टिक लाइन त्याने चिरतात आणि पेट्रोल गरम इंजिनवर सांडतं. हे करू नये.) इंजिन पेट्रोलवर चालू असताना दाब ३ बार, योग्य. बंद केल्यावर दहा मिनिटांत १ बार, अर्ध्या तासात शून्य. इतक्या लवकर उतरायला नको.

पुन्हा इंजिन चालू करून दाब चढवला, बंद केलं आणि लगेच व्हॉल्व्ह मिटला. आता इंजेक्टर एका बाजूला, टाकी दुसऱ्या बाजूला. तासाभराने इंजेक्टरच्या बाजूचा दाब जवळपास होता तिथेच. इंजेक्टर सुटले. व्हॉल्व्ह तसाच मिटलेला ठेवून गाडी रात्रभर उभी केली.

सकाळी गेजवर २ बारच्या वर दाब शिल्लक होता. व्हॉल्व्ह उघडला, लगेच सेल मारला. इंजिन एका सेकंदात उठलं. पंप तोच, पेट्रोल तेच जुनं, थंडी आदल्या दिवसाइतकीच. बदल फक्त एक, दाब टाकीकडे परत जाऊ दिला नव्हता. त्यामुळे शिळं पेट्रोल हे मुख्य कारण नाही हेही त्याच सेलमध्ये कळलं.

टाकीतून काय निघालं

बॅटरी सोडली, गॅस सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद केला, गाडी उघड्यावर घेतली आणि मागच्या सीटखालून पंपाचं मॉड्यूल काढलं. टाकीत तीन-चार लिटर पेट्रोल, रंगाने गडद आणि वास वार्निशकडे झुकलेला. तळाच्या जाळीवर तपकिरी गाळाचा थर. मॉड्यूलमधली रबरी रिंग फुगून मऊ पडलेली. दाब धरून ठेवणारा एकेरी व्हॉल्व्ह पंपातच असतो, आणि त्याच्यावर गाळ बसला की तो पूर्ण मिटत नाही.

टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, आणि पेट्रोलच त्याचं वंगण. अनेक किटमध्ये गाडी गॅसवर गेल्यावरही हा पंप मागे चालूच राहतो, या गाडीतही राहत होता. म्हणजे वर्षानुवर्षं रोजचा सगळा प्रवास पंप तळातल्या तीन-चार लिटरमध्ये, निम्मा उघडा, तापत फिरत होता, आणि टाकीतला सगळा गाळ त्याच्याच तोंडाशी. टाकीच्या झाकणाला, तिच्या वरच्या पाइपांना पुराचं पाणी लागल्याची खूण कुठेच नव्हती. हा बिघाड पुराच्या आधीच सुरू झाला असणार. काकूंनाही नंतर आठवलं की आदल्या हिवाळ्यात सकाळी गाडी थोडी उशिरा उठायची.

गरम असताना हा दोष का दिसत नव्हता? गरम इंजिनला सुरू व्हायला कमी पेट्रोल पुरतं, आणि मार्केटातल्या वीस मिनिटांत दाब पुरता शून्यावर येतही नव्हता. पेट्रोल शिळं होतं त्याचा थोडा वाटा मात्र होता. महिनोन् महिने पडलेल्या पेट्रोलमधला हलका, चटकन पेट घेणारा भाग उडून जातो, आणि थंड इंजिनला नेमका तोच लागतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं, आणि अर्धवट रिकाम्या टाकीत हवा भरपूर असते.

एकेरी व्हॉल्व्ह सुटा मिळत नाही. भंगार बाजारातला जुना पंप हजार-दीड हजारात बसला असता, पण त्याचं आयुष्य कुठे आणि कसं गेलंय हे कोण सांगणार? ऑपरेशनची तारीख समोर असताना तो धोका नको असं काकांनीच म्हटलं. नवं मॉड्यूल, जाळी आणि रेग्युलेटरसकट, ६,८०० रुपये. टाकी रिकामी करून पुसली, दहा लिटर ताजं पेट्रोल टाकलं. किटच्या वायरिंगमध्ये एक रिले (विजेने चालणारा स्विच) घालून गाडी गॅसवर गेली की फ्युएल पंप बंद होईल अशी सोय केली.

परिणाम

गेज आणखी एक रात्र लावून ठेवलं. सकाळी दाब २.२ बार, पहिल्या सेलला स्टार्ट. काकूंच्या ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही गाडी वेळेवर निघाली. उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात काकांशी बोलणं झालं, दोन्ही त्रास परतले नव्हते.

मजुरी धरून आमचं बिल दहा हजारांच्या आसपास गेलं. आधीच्या दोन दुरुस्त्यांचे ७,३०० गेलेच होते, ईसीएमचे २२,००० वाचले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त संधी पूर ओसरल्यावर लगेचची होती. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीत कार्पेट आणि ऑइल सगळेच पाहतात, अर्थिंगची टोकं कुणी सोडून पाहत नाही. खालच्या बाजूचं प्रत्येक अर्थिंग बोल्टपासून सुटं करून, बाही मागे सारून तारा पाहायला हव्या होत्या. ओल्या थिंबलवर ग्रीस लावणं म्हणजे ओल आत कोंडणं.

बॅटरी चाचणीच्या आधी पूर्ण चार्ज करायला हवी होती. उपाशी बॅटरी आणि मेलेली बॅटरी साध्या मीटरवर सारख्याच दिसू शकतात. जुनी बॅटरी बदल्यात गेल्यामुळे ती खरोखर संपली होती का, हे आता कळायचा मार्ग नाही. स्टार्टर उतरवण्याआधी मायनसच्या बाजूची गळती मोजली असती तर पाच मिनिटांत प्रकरण निम्मं सुटलं असतं. हे मापन करायला शंभर-दोनशे रुपयांचा मीटर पुरतो, आणि मला मनापासून वाटतं की स्टार्टरला हात लावण्याआधी ते झालंच पाहिजे असा ग्राहकाने आग्रह धरावा.

आमच्या बाजूने क्रम थोडा आवळता आला असता. बॅटरी चार्जरवर असलेल्या रात्रीच प्रेशर गेज लावून ठेवलं असतं तर एक दिवस वाचला असता. दुपारचा बिघाड आधी संपवायचा हे ठरवण्यामागे कारण होतं : दोन दोष एकाच वेळी हाताळले की कुठल्या बदलाने काय सुधारलं ते सांगता येत नाही. पण गेज नुसतं लावणं म्हणजे काही बदलणं नव्हे.

आणि विचारपूस. "स्टार्ट होत नाही" एवढ्यावर गाडी आत घेऊ नये. सेल फिरतो का? कसा फिरतो, नेहमीसारखा की जड? गाडी किती वेळ उभी होती? इंजिन थंड होतं की गरम? गेल्या पंधरा दिवसांत काय काढलं-घातलं? गाडीत रोज बसणाऱ्या दुसऱ्या माणसालाही विचारावं. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, शेजारचा आवाज ऐकत असतो.

काका आता टाकी पावच्या खाली जाऊ देत नाहीत, आणि आठवड्यातून एकदा कारेलीबाग ते मार्केट जाणं-येणं पेट्रोलवरच करतात म्हणजे टाकीतलं पेट्रोल फिरतं राहतं. तपासणीच्या वेळी गॅस सिलिंडरच्या पाटीवर पाहिलं तर दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने सिलिंडरची तपासणी, जवळ आली होती, तीही करून घेतली. पेट्रोलवरून गॅसवर जाताना गाडी अजून किंचित अडखळते. ते किटच्या ट्यूनिंगचं काम आहे, स्टार्टिंगशी त्याचा संबंध नाही. पुढच्या सर्व्हिसच्या जॉबकार्डवर ते लिहून ठेवलं आहे.